दादांच्या सायकलला लांब केज

प्रिय भाऊजींस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. (वयाने तुम्ही माझ्यापेक्षा मोठे आहात हे मला माहीत आहे, पण नात्याने मी मोठी, आणि एकदा हातात आलेला अधिकार सोडून द्यायची माझी पद्धत नाही.) जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी फोनवर त्या 'आता बरा आहे' म्हणाल्या, पण मागून तुमचा 'कुठला बरा, जिना चढताना ओरडते' असा आवाज आला होता, तेव्हा खरी परिस्थिती कळवावी. तुमच्या पित्ताचं काय? पहाटे उठून चहा प्यायचं सोडलं असेल तर पित्त बरं असेल, आणि पित्त बरं नसेल तर चहा सोडलेला नाही, हे मला इथे बसून समजतं. इकडे आई ठणठणीत आहेत. ऐकू कमी येतं, पण जे ऐकू जाऊ नये असं आपल्याला वाटतं ते मात्र त्यांना तीन खोल्या पलीकडून लख्ख ऐकू येतं. हे पत्र लिहिण्याचं एक कारण तेच. दुसरं कारण असं, की माझा फोन तुमचे दादा चार्जिंगला लावतात आणि लावता लावता सहज बघतात. कागद मात्र ते सहसा वाचत नाहीत. लिफ्ट तपासणाऱ्या खात्यात आयुष्य काढल्यामुळे कागद म्हणजे कुणाची तरी तक्रार, अशी त्यांची पक्की समजूत आहे.

तुमचे दादा बरे आहेत. फोनवर मी हे वाक्य म्हणते तेव्हा ते कसं म्हणते, ते आधी सांगते. आमच्या लॅबमध्ये आम्ही कवळ्या बनवतो. डॉक्टर कवळी पेशंटच्या तोंडात पहिल्यांदा बसवतात आणि विचारतात, 'कशी वाटते?' पेशंटच्या डोळ्यांत पाणी असतं, जीभ कुठे ठेवावी ते कळत नसतं, तरी तो मान हलवून म्हणतो, 'छान बसली.' मी त्याच सुरात 'बरे आहेत' म्हणते. भाऊजी, ते बरे नाहीत. छातीचे डॉक्टर म्हणतात फुफ्फुसं आखडत चालली आहेत. ओला स्पंज वाळला की कडक होतो, तसं. तुम्हाला 'थोडा दम लागतो' एवढंच कळवलं होतं, ते त्यांच्याच सांगण्यावरून.

आता मूळ गोष्टीकडे येते, म्हणजे सायकलच्या मागच्या डिरेलरकडे, चेनला एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या त्या यंत्राकडे. तुम्ही हसाल. तुम्ही दोघे भाऊ त्या सडपातळ सायकलींवर बसून आयुष्यभर हिंडलात आणि मी आयुष्यभर त्या हॉलमधल्या खुंटीवरच्या सायकलला डोकं आपटत आले. मला एवढंच ठाऊक होतं, की तिला बोट लावायचं नाही आणि तिच्यावर ओला टॉवेल टाकायचा नाही. आज मात्र मी तुम्हाला डिरेलरच्या केजच्या लांबीबद्दल दोन तास सांगू शकते, आणि या पत्रात बहुतेक सांगणारही आहे.

झालं असं, की टेकडीच्या पलीकडे एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांची एक कवळी तातडीने पोचवायची होती, म्हणून मी सकाळी स्कूटर घेऊन निघाले. तुमचे दादा माझ्या आधीच सायकलवर बाहेर पडले होते. वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढून जायचं आणि परत यायचं, हा त्यांचा नेम तुम्हाला माहीत आहेच. आजारी पडल्यापासून त्यांना यायला उशीर होई. रोज पंक्चर. एकदा पुढचं, एकदा मागचं. मी म्हणायचे, हल्ली रस्त्यावर काचा फार झाल्यात. ते म्हणायचे, हो ना. (बघा, खोटं ते बोलत होते आणि त्याला लागणारं सामान मी पुरवत होते.) तर त्या दिवशी चढाच्या मध्यावर, विजेच्या हिरव्या पेटीपाशी, मला ते दिसले. सायकल हातात धरून चालत होते. दहा पावलं चालायचे, थांबायचे. तेवढ्यात खालून रंगीबेरंगी कपड्यातली तरुण मंडळी सायकलवर गप्पा मारत वर आली. त्यांचा आवाज ऐकताच तुमचे दादा झटकन खाली वाकले आणि मागचं टायर अंगठ्याने दाबून बघायला लागले. एका मुलीने थांबून विचारलं, 'काका, पंप हवाय?' त्यांनी न बघताच हात हलवला. ती सगळी वळणाआड जाईपर्यंत ते वाकूनच होते. मग सरळ झाले आणि हँडलवर कपाळ टेकून उभे राहिले. मी स्कूटर एका टँकरच्या आडोशाला नेली. पुढे जाऊन हाक मारावी असं वाटलं, पण मग त्या टायरचं काय करायचं? कवळी पोचवून मी दुसऱ्या रस्त्याने घरी आले. संध्याकाळी ते म्हणाले, आज पुन्हा पंक्चर. मी म्हटलं, टायरच बदला आता.

त्या दिवशी मी ठरवलं की चढ कमी करता येत नाही, तर गिअर हलका करायचा. हे मला कोणी सुचवलं नाही. त्यांनीच पूर्वी मला सांगितलं होतं, मागची चकती जितकी मोठी तितका चढ हलका जातो, आणि मोठ्या चकत्या लावणाऱ्या लोकांबद्दल तुम्ही दोघे काय बोलायचात तेही मी ऐकलेलं आहे. त्यांच्या सायकलला मागे सर्वांत मोठी चकती पंचवीस दातांची होती. दात म्हटल्यावर मला धीर आला. दात मोजणं हा माझा धंदा आहे. मी चौतीस दातांच्या चकतीचा संच मागवला (त्या संचाला कॅसेट म्हणतात. खोका आला तेव्हा आई म्हणाल्या, आता गाणी ऐकायची कशावर, तो टेपरेकॉर्डर तर तू देऊन टाकलास). माणसाच्या तोंडातसुद्धा बत्तीसच मावतात, इथे चौतीस, तेव्हा काम नक्की होणार, असा माझा हिशेब होता.

बसवायचं कुणी? आपल्या समोरच्या दाराचे गृहस्थ, ज्यांना तुमचे दादा 'सर्वज्ञ' म्हणतात, त्यांच्याकडे मी गेले. दादा हॉस्पिटलमध्ये श्वासाच्या व्यायामाच्या वर्गाला जातात, तेवढ्या वेळात उरकायचं होतं. सर्वज्ञांनी आधी फोनवर एक व्हिडिओ लावला, मग तो मध्येच बंद करून 'कळलं' म्हणाले. जुनी कॅसेट काढली, नवी घातली, जुनीच चेन चढवली. स्टँडवर उभी करून पायडल फिरवलं तेव्हा सगळं सुरळीत फिरलं. (स्टँडवर पायडल हळू फिरवलं की जगातली कुठलीही सायकल सुरळीत चालते, हे मला नंतर समजलं.) मी म्हटलं, त्यांच्या हातात देण्याआधी मी एकदा चालवून बघते. मागच्या गल्लीत बसले, चार पायडलं मारली, हँडलवरचा खटका दाबत दाबत मोठ्या चकतीवर आणली. पुढेही मोठीच चकती होती. चेन तारेसारखी ताणली गेली, काहीतरी कडाड्कन मोडलं, मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मी मात्र थांबले नाही. सफाईवाल्या बाईंनी सकाळभर खपून गोळा केलेल्या वाळक्या पानांच्या ढिगात मी जाऊन पडले. त्यांनी मला उठवलं, कुठे लागलं का विचारलं, आणि मग म्हणाल्या, 'आता ही पानं कोण भरणार?' मी भरली, भाऊजी. एका हातात तुटलेला डिरेलर आणि दुसऱ्या हातात झाडू. सर्वज्ञ तोवर घरी निघून गेले होते, व्हिडिओचा उरलेला भाग बघायला.

तो मोडका तुकडा पिशवीत घालून मी सायकल ढकलत मिस्त्रींकडे नेली. ते तुमच्याही ओळखीचे असतील, बाजाराच्या टोकाला दुकान आहे, चेहरा कायम असा की आत्ताच कुणाला तरी पोचवून आलेत. त्यांनी सायकल बघितली, मला बघितलं, माझ्या केसातलं पान काढून बाजूला ठेवलं आणि एक मोठा सुस्कारा सोडला. 'आखूड केजवर चौतीस,' ते म्हणाले. एवढंच. मग मी विचारत गेले आणि ते सांगत गेले, प्रत्येक वाक्याआधी एक सुस्कारा. तुम्हाला हे सगळं माहीत आहे, पण मी शिकलेय तर लिहिणारच. डिरेलरच्या खाली जी लोंबती पट्टी असते, दोन चिमुकल्या चाकांची, तिला केज म्हणतात. मोठ्या चकतीला चेन जास्त लागते. लहान चकतीवर आलं की तीच चेन उरते, लोंबायला लागते, ती ढिली चेन ओढून धरायचं काम या केजचं. पुढच्या दोन चकत्यांच्या दातांमधला फरक आणि मागच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान चकतीतला फरक, यांची बेरीज करायची. तेवढी ढिलाई केजला गिळता आली पाहिजे. दादांच्या सायकलला ती बेरीज अठ्ठावीस होती, आखूड केजला सहज झेपणारी. मी ती सदतीस करून ठेवली. वर चेन जुनीच, म्हणजे तोकडी. मोठ्यावर मोठी टाकली की डिरेलरला मोडण्यापलीकडे दुसरा मार्गच नव्हता.

मी म्हटलं, मग लांब केज लावा. नंतर दोन दिवस मी त्यांना फोनवर हेच विचारत होते, मध्यम घेऊ की लांब, लांब म्हणजे किती लांब, आणि 'केज' हा इंग्रजी शब्द सारखा तोंडात येईना म्हणून सरळ 'पिंजरा' म्हणत होते. आईंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाल्कनीतल्या कुंड्या सरकवून जागा केली आणि मला विचारलं, 'पोपट आणतेयस की मैना? पिंजरा लांबच घे गं, बिचाऱ्याला पंख पसरता आले पाहिजेत.' मी त्यांना समजावलं की पिंजरा सायकलचा आहे. त्या म्हणाल्या, 'एवढा लांब पिंजरा आणायचा आणि त्यात काहीच ठेवायचं नाही?' कुंड्या अजून सरकवलेल्याच आहेत.

मध्येच सर्वज्ञ प्रायश्चित्त म्हणून कुठल्याशा भाच्याच्या डोंगरी सायकलचा डिरेलर घेऊन आले, कोपरापर्यंत पोचेल एवढा लांब. म्हणाले, सगळ्यांत लांबच लावून टाका, कटकट नको. मी तो मिस्त्रींकडे नेला. त्यांनी तो दोन बोटांत उचलून बघितला, जसा मी कुणी घरी चिकटवून आणलेली तुटकी कवळी बघते. त्यांचं म्हणणं असं, की डोंगरी डिरेलर आणि आपल्या हँडलवरचा खटका एकमेकांची भाषा बोलत नाहीत, खटका एक घर म्हणेल आणि हा दीड घर सरकेल, शिवाय एवढ्या लांब केजची आपल्याला गरजही नाही. रोड सायकलवाले ज्याला लांब म्हणतात तो डोंगरवाल्यांच्या लेखी मध्यम. म्हणजे आपल्याला हवा तो मध्यम, ज्याला लांब म्हणायचं. माझं डोकं गरगरलं, पण भाऊजी, कवळीतही असंच असतं. दात जरा उंच झाला तर जबडा दुखतो, जरा बुटका झाला तर गाल बसतात. सगळं काम त्या मधल्या मापाचं आहे. मी म्हटलं, तोच लावा, चेनही नवी लावा. मिस्त्रींनी पाना हातात घेतला आणि थांबले. म्हणाले, 'बाई, बसवून देतो, चालेलही लोण्यासारखा. पण साहेबांना तो रस्त्याच्या पलीकडून दिसेल. ते आखूड केजचे मानकरी. त्यांना विचारलंय का?' मी म्हटलं, विचारलं तर नाही म्हणतील. त्यांनी सुस्कारा सोडला. हा आधीच्या सगळ्या सुस्काऱ्यांपेक्षा वेगळा होता, आणि मी तो ऐकायला हवा होता.

घरी मी सांगून ठेवलं होतं की सायकल सर्व्हिसिंगला टाकली आहे. आजवर त्यांनी ती दुसऱ्याच्या हातात कधी दिलेली नाही, पण त्या आठवड्यात ते काही बोलले नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. त्याच आठवड्यात ते पहिल्यांदा लिफ्टने वर आले. जन्मभर लिफ्ट तपासल्या, दुसऱ्यांना सुखरूप वर नेलं आणि स्वतः मात्र जिन्याने चढले, असा माणूस. लिफ्टचं दार उघडलं आणि ते बाहेर आले तेव्हा मी दारातच होते. ते म्हणाले, 'केबल जरा वाजतेय, म्हणून बघत होतो.' मी म्हटलं, 'मग, काय वाटतं?' म्हणाले, 'अजून काही वर्षं चालेल.'

सायकल आली. मी ती खुंटीवर न लावता हॉलच्या मधोमध उभी केली. ते वर्गाहून आले, दारातच थांबले. चप्पल काढायची विसरले. जवळ आले, खाली बसले, मागचं चाक उचलून पायडल फिरवलं, एकेक गिअर वर नेला. चेन इतकी अलगद चढत होती की मला वाटलं आता म्हणतील, वा. मोठ्या चकतीवर आणून त्यांनी चाक थांबवलं आणि केजला एक बोट लावलं.

'कुणी केलं?'

'मी.'

'चौतीस?'

'हो. पुढची मोठी आणि मागची मोठी एकत्र टाकली तरी तुटत नाही, मी बघितलंय.'

त्यांनी मान हलवली. उठून हात धुतले, सायकल खुंटीवर लावली आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. तुम्हाला त्यांचा राग माहीत आहे, येतो आणि चहा होईपर्यंत जातो. हा राग नव्हता. त्यानंतर कित्येक दिवस ते सायकलकडे गेले नाहीत. रोज तिच्याखालून जाताना मान थोडी जास्त वाकवायचे, एवढंच. पंक्चरंही बंद झाली. मी त्यांना पाय द्यायला गेले होते आणि त्यांच्या हातात डॉक्टरांचा रिपोर्ट दिल्यासारखं झालं. मी लॅबमध्ये दोन कवळ्यांचे वरचे दात खाली लावून ठेवले, आणि आमच्या मालकीणबाई, ज्या कुणाला सुट्टी देत नाहीत, त्या म्हणाल्या, घरी जा.

मग गेल्या आठवड्यात सकाळी मला जाग आली ती फरशीवर सायकलच्या बुटांच्या टकटक आवाजाने. मी डोळे मिटून पडून राहिले. लिफ्टचं दार वाजलं. मी तशीच उठले, लॅबचा ॲप्रन घातला (का, ते विचारू नका, हाताला तोच लागला) आणि स्कूटर काढली. बरंच अंतर ठेवून मागे राहिले. पायथ्याशी त्यांनी मागच्या लहान चकतीपासून सुरुवात केली, मग एक, मग एक, आणि चढ उभा झाला तसा मोठ्या चकतीवर गेले. उठून उभे राहिले नाहीत, बसूनच, हळूहळू, जसं कुणी दळण दळतंय. हिरवी पेटी आली. भाऊजी, ते तिथे थांबले नाहीत. पेटी मागे पडली. रोपवाटिका मागे पडली. शाळेची लांब भिंत मागे पडली. मी हेल्मेटच्या काचेआड रडत होते, काच आतून धुरकटली, मला रस्ता दिसेना आणि एका कुत्र्याने मला शिव्या घातल्या. काच वर केली तेव्हा ते शेवटच्या वळणावर होते. तिथून टाकी दिसते. समोरच, अगदी जवळ. आणि तिथे त्यांनी एक पाय खाली टेकला.

पडले नाहीत. सायकल कठड्याला नीट टेकवली, चेन बाहेरच्या बाजूला ठेवून, आणि स्वतः शेजारी बसले. मी गेले. बराच वेळ ते फक्त श्वास घेत होते. तो आवाज मी तुम्हाला लिहून दाखवू शकत नाही.

'कधीपासून मागे आहेस?' त्यांनी विचारलं.

'आत्ताच आले.'

'सायलेन्सर बदल त्या स्कूटरचा. पायथ्यापासून ऐकतोय.'

मी शेजारी बसले. टाकीवर कोणीतरी कपडे वाळत घातले होते, तिथल्या पहारेकऱ्याचे असतील. आम्ही दोघं त्या कपड्यांकडे बघत बसलो.

'गिअर चांगला बसलाय,' ते म्हणाले. 'खरंच चांगला. केज बरोबर निवडलास. मी निवडला असता तर हाच घेतला असता.'

'मग?'

'पूर्वी पेटीपाशी थांबलो की म्हणायचो, गिअर जड आहे. कुणालाही जड गेला असता. आता याच्याहून हलका गिअरच नाही. आता थांबलो तो मी थांबलो.'

मला एवढं कधीच सुचलं नव्हतं, भाऊजी. दातांची बेरीज केली, केजची लांबी काढली, चेनच्या कड्या मोजल्या, आणि तो जड गिअर त्यांच्या कोणत्या कामाला येत होता हे मात्र मला दिसलं नाही. मी म्हटलं, उद्याच जुना लावून घेऊ. ते हसले, हसताना खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर म्हणाले, 'जुन्याचे तू दोन तुकडे केलेस ना? मिस्त्रींनी सांगितलं मला.' मग जरा वेळाने, टाकीकडेच बघत, ते म्हणाले की मागच्या तपासणीत मी खाली औषधं घ्यायला गेले होते तेव्हा डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते जपायचं, आणि तेही थोडं थोडं जात राहील. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, 'त्या दिवसांत तू सारखी फोनवर कुजबुजत होतीस, खुशीत होतीस. बऱ्याच दिवसांनी तुला तशी बघितली. म्हटलं, असू दे.'

खाली उतरताना ते पुढे होते. उतारावर त्यांना कसला दम लागणार? एका वळणावर ते आडवे झुकले, अगदी तरुणपणी झुकायचे तसे, आणि मी मागून ओरडले, अहो सावकाश. त्यांनी एक हात वर केला. तो 'हो' होता की 'गप्प बस' होता, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर ते पुन्हा जायला लागले आहेत, रोज नाही, श्वास बरा असेल त्या दिवशी. कधी शाळेच्या भिंतीपर्यंत, कधी रोपवाटिकेपर्यंत. जिथे थांबतात तिथे आता टायर बघत नाहीत. घरी आल्यावर, कुठवर गेलात, असं आम्ही विचारत नाही, ते आपणहून सांगतात. परवा आईंनी मला स्वयंपाकघरात धरलं आणि विचारलं, 'तो लिफ्टने का येतो गं?' मी म्हटलं, खात्याची सवय. त्या म्हणाल्या, 'मला ऐकू कमी येतं, दिसायला काही झालेलं नाही.' त्यांना सगळं केव्हा आणि कसं सांगायचं हे तुम्ही आणि दादा मिळून ठरवा, तेवढं माझ्याच्याने होणार नाही.

तर असं आहे. जाऊबाईंना माझा नमस्कार, गुडघ्यावर शेक घ्यावा. लेकीला म्हणावं, काकूने विचारलंय. पित्ताला जपावे.

तुमची,
वहिनी

ता. क. वर एवढं डिरेलरपुराण लिहिलं त्याचं खरं कारण आता लिहिते, कारण सुरुवातीला लिहायचा धीर झाला नाही. तुम्ही या. लवकर या, आणि सायकल घेऊन या. त्या शेवटच्या वळणापासून टाकीपर्यंतचा रस्ता फार नाही. त्यांना एकदा तिथे पोचायचं आहे, ते बोलत नाहीत पण परवा मला विचारत होते, तिथे वाळत घातलेले कपडे अजून असतील का. मी ऐकलंय की चढावर दमलेल्या गड्याच्या पाठीवर शेजारच्याने सायकल चालवता चालवता हात ठेवला की त्याला चढता येतं. तुम्ही दोघांनी हे एकमेकांसाठी पूर्वी केलं असेल. मी स्कूटरवरून ते करू शकत नाही, आणि माझ्याकडून ते करूनही घेणार नाहीत. तुम्ही गप्पा मारता मारता सहज हात ठेवलात तर कदाचित त्यांच्या लक्षात येणार नाही.

ता. क. २. वरचं सगळं पाकिटात घालायच्या आधी मी दूध बघायला उठले, परत येते तो तुमचे दादा टेबलापाशी बसून पत्र वाचत होते. (कागद ते वाचत नाहीत असं मी वर लिहिलंय, ते खोडत नाही.) शेवटपर्यंत वाचलं. मी दुधाचं भांडं हातात घेऊन उभी. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा घातला, आणि मला म्हणाले, 'दातांची बेरीज बरोबर लिहिलीस.' मग उठून आत जाता जाता दारात थांबले आणि म्हणाले, 'त्याला लिही, हात खांद्यावर नको ठेवूस म्हणावं, तोल जातो. कमरेच्या जरा वर.'